अन्नांतील रंग : त्यांचें काम व त्यांची मर्यादा

ह्या पाठाचा विषय आपल्या रोजच्या ताटांतला आहे. कांद्याचा जांभळा पापुद्रा, वांग्याची काळसर साल, नाचणीचा तपकिरी कोंडा, जांभळें खाल्ल्यावर निळी होणारी जीभ, चहाचा तुरटपणा, मोसंबीच्या सालीखालचा कडवट पांढरा भाग, ह्या सर्वांत एकाच कुळांतलीं द्रव्यें आहेत. रसायनशास्त्रांत त्यांस फ्लॅवोनॉइड असें म्हणतात. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार ह्यांच्या बाबतींत हीं द्रव्यें माणसाच्या किती उपयोगीं पडतात, आणि तो उपयोग कोठें संपतो, हें समजून घेणें खेड्यांतील प्रत्येक कुटुंबास आतां अगत्याचें झालें आहे.

अगत्याचें म्हणण्याचें कारण असें. मधुमेह हा शहरांतील बैठ्या व सुखवस्तु लोकांचा रोग आहे, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती आतां खरी राहिलेली नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २००८ ते २०२० ह्या काळांत देशभर पाहणी करविली, व तिचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून असें दिसून आलें कीं, वीस वर्षें व त्यांवरील वयाच्या शंभर माणसांत सुमारें अकरा जणांस मधुमेह आहे, व आणखी पंधरा जण त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. केवळ खेडीं धरलीं तरी शंभरांत सुमारें नऊ असें प्रमाण पडतें. ह्यांतील कित्येकांस आपणांस हा रोग आहे हें ठाऊकही नसतें.

ज्यास हा रोग जडला त्यास दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "गोळ्या सोडून द्या, हें झाडपाल्याचें चूर्ण घ्या, मुळापासून बरे व्हाल." दुसरा म्हणतो, "गोळी घेतली म्हणजे झालें. मग काय वाटेल तें खा." हे दोघेही माणसाची हानि करितात. खरी गोष्ट कोणती, हें आपण क्रमानें पाहूं.

१. हीं द्रव्यें कोणतीं?

लॅटिन भाषेंत 'फ्लॅवस' ह्या शब्दाचा अर्थ पिवळा असा आहे, व त्यावरून ह्या कुळास नांव पडलें. आपल्याकडे शिमग्याच्या सुमारास पळसाचीं फुलें उकळून जो केशरी-पिवळा रंग काढितात, तो ह्याच कुळांतला होय. अशीं कित्येक हजार द्रव्यें आज ठाऊक झालीं आहेत. झाड तीं आपल्यासाठीं करीत नाहीं. कडक ऊन, कीड व बुरशी ह्यांपासून स्वतःचें रक्षण व्हावें, आणि रंग पाहून मधमाशा व पांखरें जवळ यावीं, ह्यासाठीं तें तीं करितें. म्हणून तीं बहुधा सालींत, पानांत, फुलांत व दाण्याच्या टरफलांत, म्हणजे बाहेरच्या अंगास, अधिक सांपडतात.

आपल्या खाण्यांत येणारे मुख्य भेद पांच आहेत. पहिला क्वर्सेटिन व त्याचीं भावंडें. हीं कांद्यांत व शेवग्याच्या पाल्यांत असतात. दुसरा कॅटेचिन; हीं चहांत व कोकोंत असतात. तिसरा अँथोसायनिन, जांभूळ, करवंद, कोकम, वांग्याची साल व जांभळा कोबी ह्यांस रंग देणारें द्रव्य तें हेंच. चौथा हेस्पेरिडिन; हें संत्र्या-मोसंब्यांत, विशेषतः त्यांच्या पांढऱ्या सालपटांत असतें. पांचवा सोयाबीनमधील आयसोफ्लॅवोन.

अन्नांतला प्रत्येक रंग ह्याच कुळांतला आहे असें मात्र समजूं नये. हळदीचा पिवळा, गाजराचा नारिंगी, टोमॅटोचा तांबडा, बीटाचा लाल व पाल्याचा हिरवा हे रंग निराळ्या कुळांतले आहेत. पालेभाजींत फ्लॅवोनॉइड असतात खरे, परंतु ते हिरव्या रंगाखालीं झांकून गेलेले असतात.

हा पाठ शाळेंत किंवा मंडळींत शिकविणारांनीं पुढील सोपा प्रयोग करून दाखवावा. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या कढत पाण्यांत घालाव्या. पाण्यास रंग चढला म्हणजे तें दोन पेल्यांत ओतावें. एका पेल्यांत लिंबूं पिळावें, दुसऱ्यांत खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकावी. पहिलें पाणी लाल होईल, दुसरें हिरवट होईल. आंबटानें व खारानें असा रंग पालटणें ही अँथोसायनिनची खूण आहे.

२. शोधाची हकीकत

हंगेरी देशांत आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नांवाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. क जीवनसत्त्वावरील कामाबद्दल त्यांस १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९३६ सालीं, त्यांस व त्यांचे सहकारी रुस्न्याक ह्यांस असें आढळलें कीं, ज्या रोग्यांच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होऊन त्यांतून रक्त झिरपतें, त्यांतील कांहींस शुद्ध क जीवनसत्त्वानें गुण येत नाहीं, परंतु लिंबाच्या किंवा मिरचीच्या अर्कानें येतो. अर्कांतील हें गुणकारी द्रव्य फ्लॅवोनॉइड असावें असें ठरवून त्यांनीं त्यास 'प जीवनसत्त्व' असें नांव दिलें.

पुढें इतरांनीं तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हां तसाच परिणाम प्रत्येक वेळीं दिसेना. जीवनसत्त्व म्हणजे जें न मिळाल्यास माणसास ठराविक रोग होतो तें. फ्लॅवोनॉइड न मिळाल्यानें असा कोणताही रोग होतो असें सिद्ध झालें नाहीं, म्हणून १९५० सालीं तें नांव सोडून देण्यांत आलें. एवढ्या नामांकित शास्त्रज्ञाचें म्हणणें असलें तरी तें पुनःपुन्हां पारखून पाहण्यांत आलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जें एका नोबेल पारितोषिकवाल्यास लागू, तें बाजारांतील चूर्णवाल्यासही लागू असावें.

३. पोटांत गेल्यावर काय होतें?

हीं द्रव्यें खाल्लीं म्हणजे सरळ रक्तांत मिसळतात असें नाहीं. बहुतेकांस साखरेचा एखादा कण जोडलेला असतो. लहान आंतड्यांत तो सुटतो व द्रव्याचा थोडा भाग आंत शोषला जातो. उरलेला भाग मोठ्या आंतड्यांत जातो. तेथें राहणारे सूक्ष्म जंतु त्याचे बारीक तुकडे करितात. ते तुकडे रक्तांत शिरतात, यकृत त्यांवर आणखी संस्कार करितें, आणि थोड्याच अवधींत बहुतेक सर्व मूत्रावाटे बाहेर पडतें. म्हणून हंगामांत एकदां पोटभर जांभळें खाऊन वर्षाची बेगमी होत नाहीं. जो लाभ व्हावयाचा तो रोज थोडेंथोडें खाण्यानेंच होतो.

लाभाच्या वाटा मुख्यतः दोन सांगतां येतात. पहिली अशी कीं, भाकरी किंवा भात ह्यांतील पिठूळ भागाची साखर करणारे जे पाचक रस आहेत, त्यांचा वेग कांहीं फ्लॅवोनॉइडांमुळें थोडा मंदावतो. साखर सावकाश सुटली म्हणजे ती रक्तांतही सावकाश चढते. कांचेच्या नळींत हा परिणाम ठळक दिसतो. माणसाच्या पोटांत तो सौम्य असतो. दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. वाहिनीच्या आंतल्या अस्तरांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार होतो, त्यानें ती सैल पडते व रक्त सुखानें वाहतें. कोकोंतील कॅटेचिनांनीं ह्या कामास मदत होते. युरोपांतील अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१२ सालीं, दिवसास २०० मिलिग्रॅम कोकोचीं हीं द्रव्यें घेतल्यास रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा राखण्यास मदत होते, असें मान्य केलें. मात्र कोको वेगळा व साखर घातलेलें चॉकलेट वेगळें.

हीं द्रव्यें शरीराचा 'गंज' काढितात, असें डब्यांवर छापलेलें आढळतें. नळींत तीं तसें करितात. परंतु रक्तांत त्यांचें प्रमाण इतकें अल्प असतें कीं, शरीरांत तें काम तीं फारसें करीत नसावीं असें आतां मानितात. कोणत्या अन्नांत ही शक्ति किती, ह्याची एक मोठी यादी अमेरिकेच्या शेती खात्यानें प्रसिद्ध केली होती. त्या आंकड्यांचा आरोग्याशीं संबंध दिसेना व व्यापारी त्यांचा दुरुपयोग करूं लागले, म्हणून २०१२ सालीं ती मागें घेण्यांत आली.

४. पाहण्या व प्रयोग ह्यांत काय दिसलें?

हॉलंडांत झ्युत्फेन नांवाचें गांव आहे. तेथील ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांच्या आहाराची १९८५ सालीं नोंद घेऊन पुढें पांच वर्षें त्यांच्याकडे लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांस फ्लॅवोनॉइड मिळत ते मुख्यतः चहा, कांदा व सफरचंद ह्यांतून. दिवसाची सरासरी सुमारें २६ मिलिग्रॅम होती. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत असें दिसलें कीं, ज्यांच्या आहारांत हीं द्रव्यें सर्वांत अधिक त्यांच्यांत हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण, सर्वांत कमी खाणारांच्या मानानें, निम्म्याहूनही कमी होतें.

अमेरिकेंत १,८७,३८२ परिचारिका व आरोग्यसेवक ह्यांच्या आहाराची अशीच पाहणी होऊन ती २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. जे अखंड फळें खात, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षें व सफरचंदें, त्यांस मधुमेह कमी झाला. जे फळांचा रस पीत त्यांस तो अधिक झाला. येथें शिकण्यासारखें पुष्कळ आहे. फळ चावून खाल्लें म्हणजे साल, चोथा व रंग ही सर्व जोड मिळते व पोट लवकर भरतें. रस गाळला म्हणजे बहुतेक साखरपाणीच उरतें.

परंतु अशा पाहणींत एक उणीव असते. ज्या घरीं दोन्ही वेळां भाजी शिजते व फळ आणलें जातें, त्या घरीं तंबाखू कमी असेल, चार पैसे अधिक असतील, दुखण्याकडे वेळेवर लक्ष दिलें जात असेल. मग गुण भाजीचा कीं त्या राहणीचा, हें कसें ओळखावें? त्यासाठीं चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट पाडावे लागतात. अमेरिकेंत २१,४४२ वयस्क स्त्रीपुरुषांवर असा प्रयोग झाला. निम्म्यांस रोज कोकोच्या अर्काच्या ५०० मिलिग्रॅम द्रव्यांच्या गोळ्या व निम्म्यांस तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. सुमारें साडेतीन वर्षांनंतरचा निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. हृदयविकार, पक्षाघात इत्यादि मिळून एकंदर घटना अर्क घेणारांत किंचित् कमी झाल्या, पण तो फरक योगायोगाचाही असूं शकेल इतका लहान होता. हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनीं झालेले मृत्यु मात्र २७ टक्के कमी आढळले. त्याच माणसांत मधुमेहाचा हिशेब केला, तेव्हां अर्कानें मधुमेह टळला नाहीं असें ठरलें. ह्यावरून काय समजावयाचें? अन्न म्हणून जें दीर्घकाळ उपकारक दिसतें, तेंच पिळून गोळींत भरलें म्हणजे तेवढेंच उपकारक होतें असें नाहीं.

५. सालीपासून गोळीपर्यंत

"आपलीं औषधें वनस्पतींपासूनच निघालीं ना?" असा प्रश्न कोणी विचारील. कांहीं निघालीं आहेत, आणि ह्या कुळांतलेंच एक उदाहरण मोठें बोधप्रद आहे. १८३५ सालीं सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून फ्लोरिझिन नांवाचें कडू द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. सिंकोनाच्या सालीप्रमाणें हेंही तापावर चालेल अशी आशा होती. १८८६ सालीं जर्मन वैद्य फॉन मेरिंग ह्यांनीं दाखविलें कीं, हें दिलें असतां मूत्रावाटे साखर बाहेर पडूं लागते. मूत्रपिंड रक्त गाळतांना साखर परत आंत घेतें. फ्लोरिझिन ती वाट अडवितें.

मग मधुमेह्यांनीं सफरचंदाची साल चघळावी काय? तसें चाललें नाहीं. फ्लोरिझिन तोंडावाटे घेतलें तर आंतड्यांतच मोडून जातें, आणि जें थोडें काम करितें तें नको त्या ठिकाणींही करितें. त्याच्या घडणींत फेरफार करून, तें प्राण्यांवर व नंतर हजारों माणसांवर पारखून, डापाग्लिफ्लोझिन हें औषध तयार झालें, व त्यास युरोपांत २०१२ सालीं परवानगी मिळाली. १८३५ पासून २०१२ पर्यंत १७७ वर्षें होतात. आज आपल्या देशांतील डॉक्टरही त्या जातीच्या गोळ्या देतात. झाडांत गुण होता हें खरें. परंतु तो गुण किती मात्रेनें, कोणास व किती दिवस द्यावा हें कळावयास एवढा काळ लागला. ज्या पुडीवर मात्राही लिहिलेली नसते तिच्यावर जीव सोंपवूं पाहणारानें हा हिशेब मनांत आणावा.

६. घरांत काय करावें?

आतां कामाच्या गोष्टी सांगतों. ह्यांत पैशाचा खर्च फारसा नाहीं.

कांदा सोलतांना वाळलेला पापुद्रा तेवढा काढावा. त्याखालचे रसाळ थर टाकूं नयेत, कारण क्वर्सेटिन आंतल्या थरांपेक्षां बाहेरच्या थरांत अधिक असतें. भाजी शिजविलेलें पाणी ओतून देऊं नये. त्यांत हीं द्रव्यें उतरलेलीं असतात. तें आमटींत घालावें. वांगें सालीसकट शिजवावें. पेरू, जांभूळ, करवंद, बोर हीं फळें चावून खावीं. संत्रें सोलतांना पांढरा भाग खरवडून काढूं नये.

दळणाचा कोंडा चाळून गुरांस घालण्याची जी नवी चाल पडली आहे, ती सोडावी. दाण्याचा रंग जितका गडद तितकीं त्याच्या सालींत हीं द्रव्यें बहुधा अधिक. म्हणून नाचणी, तांबडा भात व गडद रंगाची ज्वारी ह्यांस हलकें धान्य म्हणून हिणवूं नये. मटकी, हुलगे व मूग सालीसकट शिजवावे. पावसाळ्यांत बांधावर येणाऱ्या ओळखीच्या रानभाज्या, शेवग्याचा पाला, मेथी, कांद्याची पात ह्यांपैकीं कांहींतरी रोज ताटांत असावें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणें मोठ्या माणसानें भाज्या व फळें मिळून दिवसास निदान ४०० ग्रॅम खावीं. दोन वेळां वाटीवाटीभर भाजी, एक मध्यम कांदा व एक पेरू एवढ्यानें हा हिशेब बहुतेक पुरा होतो. ह्यांत रंगद्रव्यांबरोबर चोथा व क्षारही येतात, व कोणता गुण कोणाचा हें वेगळें काढण्याची खाणारास गरज नाहीं. बिस्किटाच्या पुड्यास व गोड चहाच्या चौथ्या कपास लागणारे पैसे ह्याकडे वळविले, तर पुष्कळ घरांत निराळा खर्चही पडणार नाहीं.

७. काय करूं नये?

पहिली गोष्ट, डॉक्टरांस न विचारतां मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करूं नये. साखर वाढली तरी पहिलीं वर्षें दुखत नाहीं. म्हणूनच चूर्णानें बरें वाटलें असा भ्रम होतो. तोंवर डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या नसा आंतून बिघडत असतात, आणि पायाची साधी जखम पाय कापण्यापर्यंत जाते. जांभळाच्या बियांचें चूर्ण मधुमेहावर फार काळापासून देतात. परंतु तें औषधाच्या ऐवजीं पुरतें असें सिद्ध झालेलें नाहीं. गोळी चालू असतां तें घ्यावयाचें असल्यास डॉक्टरांस सांगावें, कारण दोहोंनीं मिळून साखर फार उतरली तर घाम, कंप व घेरी येते.

दुसरी गोष्ट, अर्काच्या महाग गोळ्यांच्या नादीं लागूं नये. शंभर ग्रॅम कांद्यांत सुमारें २० ते ४० मिलिग्रॅम क्वर्सेटिन असतें. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे दीड किलोच्या आसपास कांदे एका घोटांत. अन्नांत जें निरुपद्रवी तें एवढ्या मात्रेंत निरुपद्रवी असेलच असें नाहीं. हिरव्या चहाच्या अर्काविषयीं युरोपांतील प्राधिकरणानें २०१८ सालीं सांगितलें कीं, त्यांतील मुख्य कॅटेचिन दिवसास ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृतास इजा होत असल्याचीं चिन्हें रक्तांत दिसूं लागतात.

तिसरी गोष्ट, जेवणाबरोबर चहा घेऊं नये. चहांतील हींच तुरट द्रव्यें भाजी व धान्य ह्यांतील लोह अडकवून ठेवितात, व तें अंगीं लागत नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांत ५७ जणींचें रक्त कमी आढळलें. म्हणून जेवण व चहा ह्यांत निदान तासाभराचें अंतर ठेवावें, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळींच घेऊं नये. जेवणावर लिंबूं पिळल्यास लोह अधिक शोषलें जातें.

चौथी गोष्ट, ग्रेपफ्रूट व पपनस हीं फळें रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या कांहीं गोळ्यांचा परिणाम बेसुमार वाढवितात. त्यांतील हें काम फ्लॅवोनॉइडांपेक्षां मुख्यतः दुसऱ्या एका द्रव्याचें आहे. परंतु अशा गोळ्या घेणाऱ्यानें हीं फळें खाण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

सारांश, अन्नांतला रंग हा रोज थोडें थोडें काम करणारा मजूर आहे. तो वैद्य नव्हे. निरोगी माणसाचा रोग तो लांबवूं शकेल, आजारी माणसाच्या औषधास साहाय्य करील, परंतु औषधाची जागा घेणार नाहीं. तीस वर्षांवरील प्रत्येकानें प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, आणि घरीं येऊन सालीसकट वांग्याची भाजी व न चाळलेल्या पिठाची भाकरी खावी. ह्या दोन गोष्टींपैकीं एक केली म्हणून दुसरी टाळूं नये.

पाठावरील प्रश्न

१. फ्लॅवोनॉइड झाडाच्या कोणत्या भागांत अधिक असतात, व कां?
२. 'प जीवनसत्त्व' हें नांव कां सोडून दिलें?
३. अखंड फळ व गाळलेला रस ह्यांत काय फरक दिसून आला?
४. सफरचंदाच्या सालीपासून गोळी होण्यास १७७ वर्षें लागलीं. त्या काळांत कोणकोणत्या गोष्टी पारखाव्या लागल्या?
५. आपल्या गांवांत ह्या महिन्यांत मिळणारीं पांच रंगीत फळें व भाज्या सांगा, व त्यांतील आपल्या घरीं ह्या आठवड्यांत किती शिजल्या तें मोजा.